भावावर खुनाचा आरोप : घरच्यांनी काय करावे, काय करू नये

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

प्रश्न : आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. माझा धाकटा भाऊ आणि आमचा चुलत भाऊ यांच्या वावरांमध्ये एकच धुरा (बांध) असून त्यावरून दोन वर्षांपासून कुरबुर चालू होती. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्जही दिलेला होता. जानेवारीत एका सकाळी चुलत भाऊ त्या धुऱ्याजवळ मृतावस्थेत सापडला. डोक्याला मार होता. त्याच्या पत्नीने फिर्यादीत माझ्या भावाचे नाव घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. त्या आठवड्यात आमच्या फीडरला (शेतीच्या वीजवाहिनीला) रात्रीची लाइन होती, म्हणून भाऊ रात्री गव्हाला पाणी द्यायला गेला होता आणि पहाटे लाइन गेल्यावर परत आला. आमच्या भावकीतल्याच एका माणसाने त्याला रात्री फावडे घेऊन जाताना पाहिल्याचा जबाब दिला आहे. पोलिसांनी आमच्या कोठ्यातून (गोठ्यातून) फावडे जप्त केले असून भावाने कबुली दिली असे गावात बोलले जाते. आम्हाला मात्र त्याने नेमके काहीच सांगितलेले नाही. नातेवाईक म्हणतात की, भावाच्या पत्नीने ‘ते रात्रभर घरीच होते’ असे सांगावे, साक्षीदाराला समजवावे आणि चुलत भावाच्या पत्नीला दोन एकर देऊन प्रकरण मिटवावे. तालुक्यातल्या दोन वकिलांनी वकीलपत्र घ्यायला नकार दिला. सरकारकडून मिळणाऱ्या फुकटच्या वकिलावर विसंबावे, की वावर विकून नागपूरचा वकील लावावा? अटकेला दोन महिने झाले, दोषारोपपत्र आलेले नाही. आई म्हणते, मेला तोही माझ्याच मांडीवर खेळलेला. मी कोणाच्या बाजूने बोलू?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आधी तारखेचे सांगतो, कारण बाकी सर्व गोष्टींना थोडा वेळ आहे आणि हिला नाही. खुनासारख्या, जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हे दिवस अटकेपासून नव्हे, तर दंडाधिकाऱ्यांनी पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून मोजतात. हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. मुदत संपताच आणि दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झाले तर हक्क गेला. तुमच्या भावाला वकीलच नसेल तर ही तारीख मोजणार कोण, हा आज तुमच्यापुढचा पहिला प्रश्न आहे. जामीन झालाच तर जामीनदाराचा सातबारा आणि तहसीलमधून ऐपतीचा दाखला लागू शकतो. तो काढायला लागणारे दिवस लक्षात घेऊन कागद आताच तयार ठेवा.

आता नातेवाइकांच्या सल्ल्याकडे वळू. ‘रात्रभर घरीच होता’ हे वाक्य तुमच्या भावाला वाचवील असे सर्वांना वाटते आहे. माझ्या मते या प्रकरणात त्याला सर्वांत मोठा धोका याच वाक्यापासून आहे. आरोपी घटनेच्या वेळी दुसरीकडे होता, हा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवरच असते आणि तो बचाव पोकळ असेल तर उलटतपासणीत फार वेळ टिकत नाही. सरकारी वकील तुमच्या भावसुनेला विचारतील : त्या आठवड्यात लाइन रात्रीची होती ना? गहू तुमचा होता ना? मग त्या रात्री पाणी कोणी दिले? तिसऱ्या प्रश्नाला ती काय उत्तर देईल याचा विचार करा. परिस्थितीजन्य पुराव्यावरच्या खटल्यात साखळीच्या इतर कड्या जुळत असतील, तर आरोपीने दिलेला खोटा खुलासा ही आणखी एक कडी मानता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात सांगितले आहे. त्याच निकालात हेही बजावले आहे की, खोटा खुलासा मूळ पुराव्यातील उणीव भरून काढू शकत नाही; पण हा बारकावा घरच्यांनी हाताने ओढवून घेण्याजोगा नाही. शिवाय शपथेवर खोटी साक्ष देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, म्हणजे एका घरातली दोन माणसे अडकायची.

याउलट, तुम्ही पत्रात जे सहज लिहून गेलात ते खरे असेल तर किती उपयोगाचे आहे ते पाहा. रात्री गव्हाला पाणी द्यायला निघालेला माणूस फावडे घेऊनच निघतो. एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात वळवायचे, वाफ्याचा फुटलेला बांध बुजवायचा, तर हातात दुसरे काय असणार? तुमच्या भावकीतल्या साक्षीदाराने जे पाहिले ते एवढेच आहे की, ओलिताच्या पाळीच्या रात्री एक शेतकरी फावडे घेऊन वावराकडे गेला. त्याची साक्ष खरी मानली तरी ती तुमच्या भावाच्या म्हणण्याशी जुळते. पण ज्या क्षणी तुम्ही ‘तो घरीच होता’ म्हणाल, त्या क्षणी हाच साधा साक्षीदार तुमच्या भावाला खोटे पाडणारा माणूस होतो आणि त्याच्या हातातले फावडे शेतीचे अवजार न राहता हत्यार होते. म्हणून साक्षीदाराला ‘समजवण्याची’ गरज तर नाहीच; त्याच्या दारात पाऊलही ठेवू नका. साक्षीदाराला धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला पैसे किंवा आमिष देऊन खोटे बोलायला लावणे हाही गुन्हा आहे, आणि नुसती तशी तक्रार झाली तरी जामिनाचे दार बंद व्हायला ती पुरते. तुमच्या वकिलाला न्यायालयात त्याला हवे ते विचारता येईल.

पाणी द्यायला गेल्याचा पुरावा कोठे मिळेल, ते सांगतो. वीज उपकेंद्रात कोणता फीडर किती वाजता चालू झाला आणि किती वाजता बंद झाला याची नोंदवही असते. त्या रात्री लाइन मध्येच गेली असेल तर तीही वेळ तेथे सापडेल, आणि शवविच्छेदन अहवालातील मृत्यूच्या अंदाजे वेळेशी ती ताडून पाहता येईल. मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेला असेल तर त्या सिमकार्डावर गेलेल्या कॉलची नोंद कंपनीकडे असते. त्याच फीडरवर त्या रात्री आणखी कोण कोण ओलित करत होते, त्यांची नावे आठवून लिहून ठेवा. त्यांच्याशी साक्षीबद्दल बोलू नका, नावे फक्त वकिलाला द्या. गावच्या चौकात किंवा दुकानावर कॅमेरा असेल तर घाई करा, कारण जुने चित्रण काही आठवड्यांत पुसले जाते आणि कदाचित गेलेही असेल. हे सर्व जपून ठेवण्याचा आदेश मागणारा अर्ज वकिलामार्फत आताच करावा. तो पुरावा न्यायालयापुढे कधी मांडायचा, हे वकील ठरवील. मोबाईलमधले, इन्व्हर्टर किंवा स्टार्टरमधले काहीही स्वतः काढायला, पुसायला किंवा दुरुस्त करायला जाऊ नका. वावरातही तेच पाळा. दोषारोपपत्राची प्रत मोफत मिळते. ती मिळाली की घटनास्थळ पंचनामा वाचताना एवढे पाहा : जमीन कोणत्या भागात ओली होती, कोणत्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलेले होते, आणि विहिरीपासून धुऱ्यापर्यंतचे अंतर मोजलेले आहे का. पंचनामा लिहिणाऱ्याला ओलिताशी कर्तव्य नसते, त्याने सहज टिपलेली अशी ओळ म्हणूनच मोलाची ठरते.

कबुलीबद्दल गावात काय बोलतात याने घाबरू नका. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये जुना नियम तसाच ठेवलेला आहे. अपवाद एकच, आणि तो फावड्याला लागू होऊ शकतो : आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू खरोखर नव्याने सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग वाचता येतो. ‘फावडे कोठ्यात ठेवले आहे’ एवढे वाचले जाईल, ‘त्याने मी मारले’ हे वाचले जाणार नाही. त्यातही फावडे उघड्या कोठ्यात, सर्वांच्या नजरेसमोर, रोजच्या जागी होते का. निवेदन पंचनाम्यावरचे, म्हणजे आरोपीने दिलेली ती माहिती लिहून घेतलेल्या कागदावरचे, पंच खरोखर हजर होते का. मुद्देमालाला सील कधी लागले, तो प्रयोगशाळेत कधी पोचला आणि अहवालात रक्त आढळले तर ते कोणाचे, असे प्रश्न उरतातच. हे काम वकिलाचे आहे. तुम्ही एवढेच करा की, फावडे कोठ्यात नेमके कोठे ठेवत असत ते आज खरे आठवून लिहून ठेवा.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे जिच्यावरून बहुतेक कुटुंबे घाईने पुढे जातात : ‘आम्हाला त्याने नेमके काहीच सांगितलेले नाही.’ त्याने सांगू नये आणि तुम्ही विचारू नये, असा माझा आग्रह आहे. तुरुंगातल्या मुलाखतीत ‘खरे सांग, काय झाले’ म्हणून भावाला खोदून विचारलेत, तर त्याने दिलेल्या उत्तराचे तुम्ही साक्षीदार होता. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला कायद्याने संरक्षण आहे. भावाभावांतल्या बोलण्याला नाही. पोलीस पाटील, सरपंच किंवा एखादा पुढारी ‘माझ्याजवळ मन मोकळे कर’ म्हणाला तर त्यालाही हेच लागू आहे.

दुसरीही शक्यता नाकारू नका. समजा, त्या रात्री धुऱ्यावर दोघांची गाठ पडली, शब्दाला शब्द वाढला आणि झटापटीत घाव बसला. पूर्वतयारी नसताना अचानक झालेल्या भांडणात, रागाच्या भरात आणि क्रूरपणे न वागता घडलेला मृत्यू हा खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. त्याची शिक्षा न्याय संहितेच्या कलम १०५ खाली आहे आणि ती कलम १०३ खालच्या फाशी किंवा जन्मठेपेपेक्षा कमी असू शकते. समोरच्याने आधी हल्ला केला असेल तर स्वसंरक्षणाचा मुद्दाही येतो. यापैकी काय घडले ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. म्हणूनच तर आतापासूनच ‘घरीच होता’ म्हणून बसणे घातक आहे, कारण मग पुढे वकिलाला दुसरे काही म्हणायला तोंड उरत नाही.

वकिलाविषयी. ‘अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये’ असा ठराव कोणत्याही वकील संघाला करता येत नाही, ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. मात्र एखाद्या वकिलाचे मृताच्या घरच्यांशी नाते असेल आणि त्याने नकार दिला, तर त्याचा राग मानू नका. त्याने तुमच्यावर उपकारच केले. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणे हा विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खालचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या सचिवांकडे साधा अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. लोकअभिरक्षक कार्यालय सुरू असलेल्या जिल्ह्यांत आता पूर्णवेळ बचाव वकील नेमलेले असतात. ते फौजदारी बचावाचीच कामे करतात, आणि सत्र न्यायालयात रोज उभा राहणारा असा वकील, वर्षातून दोन खून खटले चालवणाऱ्या महागड्या वकिलापेक्षा सरस असू शकतो. जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात न्यायालयाने दिलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीला किमान सात दिवस मिळावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या अनोखीलाल प्रकरणात म्हटले आहे. नेमलेला वकील फाईल न वाचता उभा राहतो असे दिसले, तर बदलून मागा.

वावर विकण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : दोषारोपपत्र वाचल्याशिवाय विकू नका. पुरावा काय आहे हेच माहीत नसताना फी ठरवणारा वकील अंदाजाने आकडा सांगतो आणि घाबरलेले घर तो मान्य करते. खासगी वकील लावायचाच असेल, तर जामीन, आरोप निश्चिती, साक्षी आणि युक्तिवाद अशा टप्प्यांनुसार फी लेखी ठरवा, आणि ‘साहेबांना द्यावे लागतील’ म्हणून वेगळी रक्कम मागणाऱ्याच्या खोलीतून उठून या. प्रत्येक पेशीला घरचे एक माणूस न्यायालयात असावे. खटल्याचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक लिहून घ्या. त्यावरून ई-कोर्टच्या ॲपवर पुढची तारीख गावातून पाहता येते.

दोन एकर देऊन मिटवण्याचा विचार सोडून द्या. खुनाचा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. फिर्यादी बाईंनी कागदावर सही केली तरी खटला सरकारचा असतो आणि तो चालतोच. उलट, तसा कागद सरकारी वकिलाच्या हाती लागला तर साक्षीदार विकत घेतल्याचा आरोप होईल. धुऱ्याची मोजणी हा वेगळा विषय आहे. तो अर्ज मागे घेऊ नका आणि आत्ता रेटूही नका.

आईंबद्दल शेवटी लिहितो, पण पत्रात मला सर्वांत जास्त थांबवणारा प्रश्न त्यांचाच होता. साक्षीदार कोणाच्या बाजूचा नसतो, असे न्यायालय मानते. तेव्हा त्यांनी बाजू निवडण्याची गरज नाही. पोलिसांना त्यांचा जबाब घ्यायचा असेल तर त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही. महिलेचा जबाब तिच्या राहत्या ठिकाणी घ्यावा लागतो. त्यांनी पाहिले तेवढे सांगावे, ऐकीव सांगू नये, आणि मुलगा पहाटे परत आला तेव्हा जागी असल्याचे आठवत नसेल तर आठवत नाही असेच म्हणावे. पुतण्याच्या घरी जाऊन त्याच्या पत्नीजवळ बसावेसे त्यांना वाटले, तर कायदा त्यांना अडवत नाही; फक्त त्या भेटीत खटल्याचा शब्द निघू नये आणि सोबत घरातले पुरुष जाऊ नयेत.

प्रश्न : माझे पती खुनाच्या आरोपाखाली अटकेत आहेत. ‘त्या रात्री त्यांनी घरी येऊन तुला काय सांगितले ते बोल, नाही तर तुलाही आरोपी करू’ असे पोलीस म्हणतात. मला सांगावेच लागेल का?
— एक वाचक भगिनी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नाही. लग्न टिकून असताना पतीने पत्नीला सांगितलेली गोष्ट उघड करण्याची सक्ती साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२८ नुसार करता येत नाही. पतीची संमती नसेल तर तुम्हाला ती न्यायालयात सांगूही दिली जात नाही. यातून पती-पत्नींमधले आपसातले खटले आणि एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेला गुन्हा मात्र वगळले आहेत. हे संरक्षण बोलण्याला आहे, पाहण्याला नाही, हे नीट समजून घ्या. पती रात्री किती वाजता आले, कपडे ओले होते का, ते विहिरीवर जाऊन आंघोळ करून आले का, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले असेल तर त्याबद्दल विचारता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालच्या राम भरोसे प्रकरणात हाच फरक केला आहे. कपडे धुऊन टाकणे, जाळणे, लपवणे यांपैकी काहीही तुमच्या हातून होता कामा नये. पुरावा नाहीसा करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही करण्याची सक्ती नाही आणि कोऱ्या कागदावर सही तर करूच नये. धमकी पुन्हा दिली गेली, तर तारीख आणि वेळ लिहून पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा व पोच घ्या. स्वतःसाठी पतीपेक्षा वेगळा वकील घ्या. महिला म्हणून तुम्हालाही तो मोफत मिळतो.

प्रश्न : वरोरा येथील सत्र न्यायालयाने माझ्या मुलाला गेल्या महिन्यात जन्मठेप सुनावली. नागपूरला जाण्याची ऐपत नाही. आता काही करता येते का?
— एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : येते, पण दिवस मोजून. या शिक्षेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे साठ दिवसांच्या आत अपील करायचे असते. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेला आवश्यक वेळ त्यातून वगळतात आणि ती प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. तुम्हाला नागपूरला जाण्याची गरज नाही. मुलगा तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो आणि त्यासोबत मोफत वकिलाची मागणी करू शकतो; उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती नागपुरातच आहे. पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा त्याला एकच विचारा, अपिलाच्या अर्जावर त्याची सही किंवा अंगठा झाला का. झाला नसेल तर त्याच दिवशी तुरुंगातल्या विधी सहाय्य कक्षात सांगून या. अपिलाबरोबर शिक्षा स्थगित करून जामीन देण्याचा अर्जही करता येतो. जन्मठेपेत तो सहजी मंजूर होत नाही, तरी तो केलेला असावा. साठ दिवस उलटून गेले असतील तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागेल आणि त्यात उशिराचे खरे कारण, म्हणजे पैसा नव्हता आणि कोणी सांगितले नाही हेच, साध्या शब्दांत लिहावे.